शेवटचा घोट किती वाजता? दारू अचानक तुटलेल्या पेशंटला वॉर्डात सांभाळताना

इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार, वय पंचेचाळिशीच्या आसपास. मोटरसायकल घसरून नडगीचं हाड मोडलं म्हणून कोल्हापुरात ॲडमिट झालेला. ऑपरेशन झकास झालं. तिसऱ्या रात्री दोन वाजता सिस्टरचा फोन आला, "सर, बारा नंबर हवेत कायतरी करायला लागलाय." जाऊन बघतो तर माणूस पलंगावर ताठ बसलेला, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, आणि दोन्ही हातांच्या चिमटीत नसलेला धागा धरून गाठ मारत होता. गाठ मारायची, उरलेलं टोक दातानं तोडायचं, पुढचा धागा घ्यायचा. मधेच एक हात बाजूला जायचा, कांडी बदलल्यासारखा. "माग बंद पडलाय, शेठ ओरडतील," एवढंच बोलत होता. मी कोण, हे हॉस्पिटल कुठलं, काही पत्ता नव्हता.

मी तेव्हा नवखा होतो. भासावरचं हॅलोपेरिडॉल टोचलं, हात बांधायला लावले आणि झोपायला गेलो. साडेतीनला त्याला फिट आली.

केसपेपरवर 'व्यसन : नाही' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. विचारलं होतं मी, नाही असं नाही. पण त्याचे सासरे शेजारी उभे असताना विचारलं होतं. सासऱ्यासमोर कोण हो म्हणेल?

तो वाचला. पण त्यानंतर माझी एक सवय कायमची बदलली, आणि हा लेख त्या सवयीबद्दलच आहे. दाखल होणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या कागदावर मी शेवटच्या घोटाची वेळ लिहून घेतो. तारीख नव्हे, तास. लिहितोय ते मुख्यतः वॉर्डातल्या ज्युनिअर डॉक्टरांसाठी, रात्रपाळीच्या सिस्टर-ब्रदरसाठी आणि तालुक्याच्या गावी दहा-वीस खाटांचं हॉस्पिटल चालवणाऱ्यांसाठी. औषधांचे आकडे दिले आहेत ते डॉक्टरांच्या हातात राहतील असं धरून. नातेवाइकांनी वाचायला हरकत नाही, पण यातली कुठलीही गोळी मनानं देऊ नये.

विचारायचं कसं

'दारू पिता का?' हा प्रश्न बाद. त्याचं उत्तर 'न्हाई ओ, कवातर, आमुशा-पुनवंला' असंच येतं. आधी नातेवाइकांना औषधं आणायला पाठवा, पडदा ओढा आणि घेतोच हे गृहीत धरून आवाज न चढवता विचारा : "पाव्हणं, दिवसाला किती लागते? क्वार्टर पुरती का दोन लागतात?" मग, "काल किती वाजता घेतली?" मग, "सकाळी उठल्यावर हात थरथरतात? घेतल्यावरच थांबतात?" आणि शेवटी, "मागं कधी बंद केली तेव्हा झटका आला होता, कायबाय दिसलं होतं?" पहिल्या प्रश्नाला खोटं बोललेला माणूस बहुतेक वेळा तिसऱ्याला खरं बोलतो, कारण हाताची थरथर त्यालाही त्रास देतच असते.

क्वार्टर म्हणजे १८० मिलि. व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. हे रोज, वर्षानुवर्षं चालू असेल तर तो माणूस तुमच्या यादीत आलाच. हातभट्टीचा हिशोब मात्र मांडता येत नाही. तिथं 'किती घेतली' यापेक्षा 'रोज घेतो का' हेच खरं.

मग बाहेर जाऊन बायकोला वेगळं विचारा. "ताई, सकाळी चहाच्या आधी लागते का?" एवढंच. ती एकदा दाराकडे बघते आणि सगळं सांगते. आणि बाई पेशंट असली तरी हे प्रश्न गाळू नका, म्हातारे असले तरी नाही. आपण लाजून सोडून देतो आणि तिसऱ्या रात्री निस्तरत बसतो.

ज्याला आधी कधी दारू तुटल्यावर फिट किंवा भ्रम झालाय, त्याला यावेळीही होणार असं धरूनच चाला. लिव्हरचा आजार, न्यूमोनिया, मोठी जखम किंवा ऑपरेशन, कमी झालेलं पोटॅशियम किंवा प्लेटलेट, यांनी धोका वाढतो. तोंडाला वास येत असताना हात थरथरत असतील तर त्याहून जास्त. 'अजून रक्तात दारू आहे, मग तुटली कशी?' असं विचारू नका. रोज तीन क्वार्टर लागणाऱ्याला एका क्वार्टरवर आणलं तरी शरीराच्या लेखी ती तुटलेलीच असते.

घड्याळ

दारू मेंदूला सतत खाली दाबत असते आणि मेंदू तितक्याच जोरानं उलटा ओढत असतो. रस्सीखेचीसारखं. समोरच्यांनी दोर एकदम सोडला की इकडचे सगळे पाठीवर आपटतात, तेच इथं होतं. मेंदूतल्या रसायनांपैकी दाबणाऱ्या गाबाची बाजू लुळी पडलेली असते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटची बाजू पूर्ण जोरात असते.

समजा शेवटचा घोट रविवारी रात्री ९ ला. सोमवारी पहाटे ३ पासून सकाळी ९ पर्यंत, म्हणजे ६ ते १२ तासांत, थरथर, घाम, मळमळ, धडधड, बेचैनी सुरू होते आणि झोप उडते. फिट यायची असेल तर बहुधा ६ ते ४८ तासांत, म्हणजे मंगळवारी रात्री ९ च्या आत. सोमवारी दिवसभरात काहींना भास होतात. आवाज येतात, किडे दिसतात, पण माणूस भानावर असतो, तारीख-वार नीट सांगतो. याला लगेच डीटी म्हणू नका. खरा डीटी, म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स, मंगळवारी रात्रीनंतर येतो, ४८ ते ९६ तासांत. भान हरपतं, वेळ-जागा कळत नाही, ताप, घाम, नाडी १२० च्या पुढं, बीपी चढलेलं. उपचार नसतील तर यात माणसं दगावतात. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक वाचतात.

आपल्याकडे एक चूक फार होते. पेशंट गगनबावड्याकडून किंवा राधानगरीकडून येतो, आधी गावातल्या दवाखान्यात दीड दिवस सलाईनवर असतो, मग शहरात. आपण तास मोजतो ते आपल्या गेटमधून आत आल्यापासून. तो मात्र आधीच चाळीस तास पुढं असतो. ऑपरेशनच्या आधी दोन दिवस वाट बघत पडलेल्याचंही तेच.

पलंगाशेजारी काय बघायचं

हात समोर करायला लावा, बोटं फाकवून, आणि त्यावर केसपेपरचा कागद ठेवा. डोळ्यांना न दिसणारी थरथर कागदाच्या कडेला दिसते. जीभ बाहेर काढायला सांगा, तीही थरथरते. तळहाताला हात लावा, मग कपाळाला. चहाचा कप हातात द्या. सांडला तर तेही नोंदवा.

मोजण्यासाठी सीवा-एआर नावाची पट्टी वापरतात. दहा मुद्दे : मळमळ, थरथर, घाम, चिंता, अस्वस्थता, त्वचेवरचे भास, कानाचे भास, डोळ्यांचे भास, डोकेदुखी, आणि वेळ-जागेचं भान. पहिल्या नऊंना ० ते ७, शेवटच्याला ० ते ४, एकूण ६७. आठच्या खाली सौम्य, ८ ते १५ मध्यम, त्यावर तीव्र. यात नाडी-बीपी नाही, ते वेगळं लिहा. पट्टीची अडचण अशी की पेशंटनं उत्तरं द्यायला हवीत. भान हरपलेल्याला 'डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं का' विचारून उपयोग नाही. तिथं अस्वस्थता किती, झोप किती, हे वरवर बघून मोजणारी रास पट्टी बरी.

भ्रम सुरू होतोय का हे बघायला जुनी धाग्याची युक्ती आहे. आपल्या चिमटीत धागा असल्यासारखं करून 'हे टोक धरा' म्हणायचं. डीटीतला माणूस निमूट धरतो. आमच्या त्या विणकराला टोक द्यायचीही गरज पडली नव्हती. हाताला सवय असलेलं काम भ्रमात बाहेर येतं. शिरोलीच्या फौंड्रीतला माणूस अंधारात साचे उचलताना पाहिलाय मी.

दारूच आहे ना?

गोंधळलेला दारुडा म्हणजे डीटी, हे समीकरण जीव घेतं. सगळ्यात आधी ग्लुकोमीटर. साखर ३५ असली तरी घाम, थरथर, बडबड अगदी असंच दिसतं. मग डोकं : पडला होता का, एका बाजूला ताकद कमी आहे का, बाहुल्या सारख्या आहेत का. पिणारा माणूस दर आठवड्याला कुठंतरी पडतच असतो, त्यामुळे डोक्यातला रक्तस्राव दोन आठवडे जुनाही असू शकतो. संशय आला तर सीटी. ताप १०२ च्या वर गेला तर 'डीटीचाच असेल' म्हणून सोडू नका. छाती ऐका, मान ताठ आहे का बघा. लिव्हर खराब असेल आणि पेशंट थरथरण्याऐवजी सुस्त होत चालला असेल, हात पंख झटकल्यासारखे पडत असतील, तर तो लिव्हरचा भ्रम असू शकतो. त्याला झोपेची औषधं ओतली तर तो आणखी खोल जातो. वरच्या पोटात दुखत असेल तर पॅनक्रियाज. हातभट्टीनंतर नजर धूसर झाली आणि श्वास जोरात चालू असेल तर मिथेनॉल. तो सगळाच वेगळा धावपळीचा विषय आहे.

रक्तात सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस, लिव्हर, किडनी, सीबीसी. ईसीजी काढाच, पुढं उपयोगी पडतो.

आधी थायमिन

वॉर्डात 'पिवळी बाटली' लावली की नातेवाईक खूश होतात. पण मल्टिव्हिटॅमिन घातलेल्या त्या बाटलीत बी-वन, म्हणजेच थायमिन, असतं ते इथं पुरण्यासारखं नसतं, आणि बाटली असते ग्लुकोजची. थायमिन आटलेल्या मेंदूला नुसतं ग्लुकोज चढवलं तर वेर्निके, म्हणजे थायमिनअभावी होणारा मेंदूचा आजार, उफाळू शकतो.

म्हणून प्रत्येक जोखमीच्या पेशंटला थायमिन वेगळं, इंजेक्शननं, रोज २०० ते २५० मिग्रॅ, ३ ते ५ दिवस. दारूनं सुजलेल्या आतड्यातून गोळी नीट शोषली जात नाही, त्यामुळे सुरुवातीला गोळीवर भागवू नका. साखर खरोखर कमी असेल तर मात्र थायमिनची वाट बघत ग्लुकोज अडवायचं नाही, दोन्ही लगोलग द्या.

गोंधळ, चालताना झोक, डोळ्यांच्या हालचालीत बिघाड ही वेर्निकेची तीन लक्षणं पुस्तकात एकत्र असतात, पलंगावर क्वचितच. एक दिसलं तरी उपचार सुरू करा : ५०० मिग्रॅ शिरेतून, १०० मिलि सलाईनमध्ये अर्ध्या तासात, दिवसातून ३ वेळा, किमान २-३ दिवस, मग रोज २५० मिग्रॅ आणखी काही दिवस. मॅग्नेशियम कमी असेल तर तेही भरा, त्याशिवाय थायमिन काम करत नाही. इथं कंजुषी केली तर माणूस जगतो, पण सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नाही, आणि ते पुन्हा भरून येईलच असं नाही.

दोर हळूहळू सोडायचा

मुख्य औषध बेन्झोडायझेपाइन, म्हणजे मेंदूला शांत करणाऱ्या औषधांचा गट. वर म्हटलेला दोर पुन्हा पकडायचा आणि हात-हात करत सोडायचा, एवढंच ते काम. तोंडानं घेणाऱ्या, लिव्हर बरं असलेल्या पेशंटला क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम. दोन्हींचा अंमल लांब चालतो, उतरताना धक्का बसत नाही. लिव्हर गेलेला, म्हातारा किंवा दम्याचा-सीओपीडीचा असेल तर लोराझेपाम. ढोबळ हिशोब : २५ मिग्रॅ क्लोरडायझेपॉक्साइड म्हणजे ५ ते १० मिग्रॅ डायझेपाम किंवा १ मिग्रॅ लोराझेपाम.

देण्याच्या दोन पद्धती. एकीत दर तासाला पट्टी मोजायची आणि गुण ८ ते १० च्या वर गेले की डोस. यात एकूण औषध कमी लागतं आणि पेशंट लवकर मोकळा होतो. परदेशी पुस्तकं हीच सांगतात. पण रात्री तीस खाटांना एक सिस्टर असेल तर दर तासाचं मोजमाप कागदावरच राहतं, हे आपण आपल्याशी तरी कबूल करावं. अशा वॉर्डात मी ठरलेला डोस देतो आणि वर 'गरज पडल्यास' जादा डोस लिहून ठेवतो. मध्यम त्रासाला पहिल्या दिवशी क्लोरडायझेपॉक्साइड २५ मिग्रॅ दिवसातून ४ वेळा. तीव्र असेल तर ५० पर्यंत. मग रोज साधारण पाचवा हिस्सा कमी करत ५ ते ७ दिवसांत बंद. प्रत्येक डोसआधी सिस्टरनं पेशंटला हाक मारायची. हाकेला उठत नसेल, श्वास १२ च्या खाली असेल किंवा ऑक्सिजन उतरत असेल तर डोस थांबवून डॉक्टरला फोन.

तीव्र त्रासात शिरेतून डायझेपाम ५ ते १० मिग्रॅ, दोन मिनिटं घेऊन सावकाश. दहा मिनिटांत फरक नसेल तर परत. किंवा लोराझेपाम २ मिग्रॅ, तितक्याच पाण्यात पातळ करून, पंधरा मिनिटांनी परत. कुठं थांबायचं? डोळे मिटलेत पण हाकेला उघडतात, तिथं. काहींना पहिल्या काही तासांत लागणारा डोस बघून नवा डॉक्टर घाबरतो. पण अर्धवट डोसात तासन्‌तास झगडत ठेवणं जास्त घातक. अर्थात शेजारी ऑक्सिजन, सक्शन, अंबू बॅग हवीच. शीर मिळत नसेल तर डायझेपाम स्नायूत देऊ नका, कधी शोषलं जातं कधी नाही. लोराझेपाम स्नायूत चालतं. आणि त्याच्या ॲम्प्यूल फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात. वॉर्डाचा फ्रिज कुणाच्या डब्यांनी भरलेला नाही ना, हे राऊंडला एकदा बघत जा.

फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बिमचा घालू नका, कांदा हुंगवू नका, लोराझेपाम २ मिग्रॅ शिरेतून. थांबून गेलेल्या फिटनंतरही हा डोस द्या, पुढची फिट टळू शकते. सवयीनं फेनिटॉइनची, फिटच्या नेहमीच्या औषधाची, बाटली लावली जाते. दारू तुटून आलेल्या फिटला तिचा उपयोग नाही. फिट एकाच अंगाला आली, ४८ तासांनंतर पहिल्यांदा आली, लागोपाठ येत राहिली किंवा आधी डोक्याला मार असेल, तर दुसरं कारण शोधा.

हॅलोपेरिडॉलबद्दल माझं मत वरच्या प्रसंगातून कळलंच असेल. फिटचा उंबरठा ते खाली आणतं आणि ईसीजीतलं क्यूटी हे अंतर लांबवतं, ज्यानं हृदयाचा ठोका बिघडू शकतो. बेन्झो पुरेसं दिल्यानंतरही भास छळत असतील तरच, ईसीजी बघून, थोडं. बीटा ब्लॉकरनं नाडी सुरेख दिसते, आतली आग तशीच राहते. बेन्झोचे मोठे डोस देऊनही डीटी आवरत नसेल तर आयसीयू : फेनोबार्बिटल, किंवा नळी टाकून प्रोपोफॉल. तुमच्याकडे ती सोय नसेल तर रात्री दोनला नव्हे, संध्याकाळी सहाला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाला किंवा जवळच्या आयसीयूत फोन करा, आणि चिठ्ठीत शेवटच्या घोटाची वेळ आणि आतापर्यंतचा एकूण डोस लिहा.

हात बांधणं अगदी शेवटी. बांधलाच तर मऊ पट्टीनं, पाठीवर किंवा कुशीवर, पालथा कधीच नाही, आणि शेजारी माणूस बसवून. बांधलेला माणूस झगडत राहतो, अंग तापतं, स्नायू फुटतात, किडनी जाते. त्याआधी पलंग सिस्टरच्या टेबलासमोर आणा, दिवा चालू ठेवा, भिंतीवर घड्याळ असू द्या, ओळखीचा आवाज जवळ असू द्या.

नातेवाईक

पहिल्याच दिवशी सांगून ठेवा : "दोन दिवसांनी हे काहीबाही बोलतील, मारायला उठतील, कदाचित. दारू बंद झाल्यानं होतं, त्यावर औषध चालू आहे." हे आधी सांगितलं तर उपचार. नंतर सांगितलं तर 'तुमच्या इंजेक्शननं येडा झाला आमचा माणूस' हे ऐकावं लागतं.

कुणीतरी जोतिबाचा अंगारा आणतं. लावू द्या, कपाळावर जागा आहे. उशीखाली लिंबू असलं तरी चालेल, नाइन्टी असली तर चालणार नाही. "सायेब, झोपंपुरती थोडी दिली तर?" असं मित्र हमखास विचारतात. दारूचा डोस मोजता येत नाही, लिव्हरला परत तेच, आणि ऑपरेशनच्या जखमेलाही वाईट. नाही म्हणायचं, पण चिडून नाही.

घरी जाताना

क्लोरडायझेपॉक्साइडची पट्टी हातात देऊन पाठवू नका, तीच पुढची दारू होते, आणि दोन्ही मिळून श्वास थांबतो. कोर्स वॉर्डातच संपवा. थायमिनची १०० मिग्रॅची गोळी चालू ठेवा. मानसोपचार तज्ज्ञाची भेट डिस्चार्जच्या आधी घडवा. नंतर जाईन म्हणणारा जात नाही. न पिण्याचा निर्धार टिकवायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, लिव्हर खराब असेल तर बॅक्लोफेन अशी औषधं आहेत, ती त्यांनी ठरवावीत. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ कार्डावर लिहून द्या.

बायकोला मात्र बाजूला घेऊन एक सांगाच. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींच्या पुड्या भाजीत मिसळायच्या नाहीत. त्यात डायसल्फिराम असेल आणि नवरा वरून प्यायला, तर बीपी कोसळून तो मरू शकतो. ते औषध घेणाऱ्याला माहीत असूनच द्यायचं असतं.

आणि डिस्चार्ज कार्डावर, निदानाच्या ओळीत, 'नडगीचं फ्रॅक्चर' याच्या खाली, ठळक : 'दारू बंद केल्यावर ५४ व्या तासाला डीटी, एक फिट.' दारू पुन्हा पुन्हा तुटत गेली की पुढची खेप आधीपेक्षा जोराची येऊ शकते. तो विणकर पुन्हा कुठंतरी पडेल, वेगळ्या हॉस्पिटलात जाईल, तिथंही सासरे शेजारी उभे असतील. कार्ड त्यांच्याच पिशवीत असेल.